'गॅले', 'लालीक'ची सही दिसली? पैसे मोजण्याआधी हे तपासा

वाशी-नेरूळहून हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरलं, की चोरबाजारातली मटण स्ट्रीट चालत गाठता येते. जुन्या फ्रेंच फुलदाण्या, बशा शोधणारे तिथे घासाघीस करतात. पण फक्त सही पाहून खरेदी केली, तर मोठा फटका बसू शकतो.

गॅले : यात रंगीत काचेचे थर एकावर एक असतात आणि वरचा थर आम्लाने खोदून नक्षी काढतात. एमिल गॅले यांचं १९०४ मध्ये निधन झालं, तरी कारखान्याच्या मालावर त्यांचंच नाव राहिलं. रोमानियात बनलेल्या प्रतिकृतींवर नावाजवळ 'टिप', म्हणजे 'त्या धर्तीची' असं लिहिलेलं असतं. हा शब्द घासून काढला आहे का, ते बोट फिरवून पाहा.

लालीक : रेने लालीक १९४५ मध्ये वारले. त्यानंतरच्या वस्तूंवरच्या सहीतून 'आर' हे आद्याक्षर गेलं. मात्र नंतर कोरलेला खोटा 'आर'ही आढळतो.

लिमोज : हे कंपनीचं नाही, शहराचं नाव आहे. त्यामुळे बशीच्या तळाशी कारखान्याचा शिक्का शोधा.

वस्तू परदेशी पाठवायची आहे?
१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान १०० वर्षं जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे आजीची फुलदाणी अमेरिकेतल्या नातीला पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.