हाडांचे आजार, लेखांक ५ : गाठ सौम्य की घातक?

हाडात दिसणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी सौम्य असतात. काही तर आयुष्यभर कळत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये अवचित दिसतात. हाडातच निर्माण होणाऱ्या घातक गाठी विरळ असतात, पण त्यांतील काही मुख्यतः वाढत्या वयातील मुलांना आणि तरुणांना गाठतात, म्हणून त्या वेळेत ओळखणे महत्त्वाचे ठरते.

पहिला भेद उगमाचा. हाडातच निर्माण झालेली गाठ प्राथमिक, तर दुसऱ्या अवयवाच्या कर्करोगातून हाडात पसरलेली गाठ दुय्यम. चाळिशीनंतर हाड पोखरलेले दिसले, तर आधी स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या अवयवांचा, तसेच अस्थिमज्जेतील मायलोमा या कर्करोगाचा शोध घेतला जातो. या वयात प्राथमिक गाठींपेक्षा दुय्यम गाठी कितीतरी जास्त आढळतात.

प्राथमिक गाठींचे वर्गीकरण त्या कोणत्या पेशीजालासारख्या आहेत यावरून होते. जागतिक आरोग्य संघटनेने असे पहिले वर्गीकरण 1972 मध्ये प्रसिद्ध केले. 2020 च्या पाचव्या आवृत्तीत गाठींचे सौम्य, मधल्या आणि घातक असे तीन स्तर आहेत. मधल्या स्तरातील गाठी जागच्या जागी हाड पोखरतात, काढल्यावर पुन्हा उद्भवू शकतात, पण दूर क्वचितच पसरतात.

कूर्चेच्या सौम्य गाठींत ऑस्टिओकॉन्ड्रोमा सर्वाधिक आढळतो. हाडाच्या टोकाजवळ बाहेर आलेला हा कूर्चेची टोपी असलेला उंचवटा शरीराची वाढ थांबली की वाढायचा थांबतो. प्रौढ वयात तो पुन्हा वाढू लागला किंवा टोपी दोन सेंटीमीटरहून जाड झाली, तर कॉन्ड्रोसार्कोमा या घातक गाठीची शंका घ्यावी लागते. एन्कॉन्ड्रोमा बहुधा हातापायांच्या बोटांच्या लहान हाडांत असतो. हाड तयार करणाऱ्या सौम्य गाठींपैकी ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचे केंद्र दीड-दोन सेंटीमीटरहूनही लहान असते, पण ते रात्री तीव्र दुखते आणि ही वेदना ॲस्पिरिनसारख्या औषधाने चटकन शमते.

मधल्या स्तरातील ठळक उदाहरण जायंट सेल ट्यूमरचे. वीस ते चाळीस या वयात, गुडघ्याजवळ किंवा मनगटाजवळ, थेट सांध्यापर्यंत पोचलेली ही गाठ पाश्चात्त्य देशांपेक्षा भारत आणि चीनमध्ये जास्त आढळते.

घातक गाठींपैकी ऑस्टिओसार्कोमा दहा ते वीस या वयात, सर्वांत जास्त गुडघ्याच्या आसपास होतो. मांडीचे हाड आणि नडगी यांची वाढ तिथेच वेगाने होत असते. जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये वर्णन केलेला युइंग सार्कोमा लांब हाडांच्या मधल्या भागात किंवा ओटीपोटाच्या हाडात होतो. कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा चाळिशीनंतरचा असून त्याच्या नेहमीच्या प्रकारांवर केमोथेरपीचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया हाच त्यावरचा मुख्य उपाय.

ओळख पटवताना रुग्णाचे वय, हाडातील जागा आणि गाठीची कड या तीन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. सावकाश वाढणाऱ्या गाठीभोवती हाडाला पक्की सीमा घालायला वेळ मिळतो, म्हणून एक्स-रेमध्ये कड पांढरी आणि रेखीव दिसते. वेगाने वाढणाऱ्या गाठीची कड विस्कटलेली असते आणि निरोगी हाड कुठे संपते ते सांगता येत नाही. हाडावरील आवरणही साक्ष देते. सूर्यकिरणांसारख्या उभ्या रेषा आणि उचललेल्या आवरणाचा त्रिकोण ऑस्टिओसार्कोमात, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर युइंग सार्कोमात दिसतात. मात्र जुनाट जंतुसंसर्गातही असे थर दिसू शकतात. युइंग सार्कोमात ताप येतो, रक्ततपासणीतील ईएसआर वाढतो, म्हणून त्याला संसर्ग समजले जाण्याचा धोका असतो. भारतात हाडाचा क्षयही सामान्य असल्याने निदान सिद्ध होण्याआधी क्षयाची औषधे सुरू करणे धोक्याचे.

उदाहरणार्थ, दिल्लीतील मुनिरका गावाच्या दाट वस्तीत विद्यार्थी आणि तरुण नोकरदार मोठ्या संख्येने भाड्याने राहतात. जायंट सेल ट्यूमरचे वय नेमके हेच. गुडघा दुखला की जिना किंवा खेळ यांना दोष दिला जातो आणि मालीश सुरू होते. विश्रांतीतही न थांबणारी, रात्री झोपमोड करणारी वेदना, वाढत जाणारी सूज, किंवा किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड ही लक्षणे असतील, तर मालीश थांबवून समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढावेत. ही स्वस्त तपासणी गल्लीजवळच्या दवाखान्याच्या सांगण्यावरूनही होते. एक्स-रे संशयास्पद निघाला, तर पाच-सहा किलोमीटरवर एम्स आणि तिच्या समोरच सफदरजंग रुग्णालय आहे.

पुढचा क्रम कटाक्षाने पाळायचा असतो. आधी एमआरआय, म्हणजे गाठ मज्जेत आणि स्नायूंत कुठवर गेली ते कळते. घातक गाठीची शंका असेल, तर छातीचा सीटी स्कॅनही करतात, कारण या गाठी प्रथम फुप्फुसात पसरतात. बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, त्यानंतर. सुई ज्या वाटेने जाते, ती वाट अंतिम शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढावी लागते. ती चुकीच्या जागी पडली, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागू शकतो. हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये 329 रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले, की अंतिम उपचार होणार नाहीत अशा ठिकाणी बायॉप्सी झाली, तर अडचणी तीन ते पाच पट वाढतात. म्हणून बायॉप्सी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच व्हावी आणि तिचा निष्कर्ष अस्थिरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून काढावा.

पॅथॉलॉजिस्टचा हा सहभाग देशात जुना आहे. मुंबईत 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कर्करोगाच्या उपचारात पॅथॉलॉजीला मध्यवर्ती स्थान देणारी परंपरा त्यांनी देशात रुजवली.

निदानानंतर गाठीची पायरी ठरते. विल्यम एनेकिंग यांच्या पद्धतीत सौम्य गाठी सुप्त, सक्रिय आणि आक्रमक अशा, तर घातक गाठी कमी दर्जाच्या, उच्च दर्जाच्या आणि पसरलेल्या अशा मांडल्या जातात. सुप्त गाठीवर केवळ नजर ठेवली जाते. जायंट सेल ट्यूमर खरवडून पोकळी सिमेंटने किंवा हाडाच्या कलमाने भरतात. ऑस्टिओसार्कोमात केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. केवळ शस्त्रक्रियेच्या काळात पाचांपैकी जेमतेम एक रुग्ण वाचे. आता न पसरलेल्या आजारात चांगल्या केंद्रांत दहांपैकी सहा-सात रुग्ण पाच वर्षे ओलांडतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचा हात किंवा पाय कृत्रिम सांधा बसवून वाचवता येतो.