दुकानातली वजाबाकी

आमचे गावात छोटे किराणा दुकान आहे. माल किती उरला हे रोज बघावे लागते. ती वजाबाकीच असते. होता त्यातून विकला तो वजा, उरली ती शिल्लक.

आजोबा वही ठेवत नसत. पोत्यात काठी घालून साखर बघत आणि तेलाचा डबा बोटाने वाजवून सांगत, "अर्धा झाला." मी वाजवून बघितला, मला नाही कळले! बाबांनी वही सुरू केली. संध्याकाळी ती मी लिहिते.

गेल्या संक्रांतीला माझी फजिती झाली. वहीत गुळाच्या १२ भेल्या दिसत होत्या, म्हणून बाबांनी सोलापूरहून गूळ आणला नाही. भोगीच्या दिवशी बघतो तर फळीवर ४ च! एका काकूंनी ८ भेल्या उधारीवर नेल्या होत्या. मी त्या उधारीच्या वहीत लिहिल्या, पण मालाच्या वहीत वजा केल्याच नाहीत. दुपारीच गूळ संपला. बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या. बाबा रागावले नाहीत, पण रात्री जेवताना बोललेही नाहीत.

सोलापूरच्या मोठ्या दुकानांत ही वजाबाकी यंत्र करते. पुड्यावर काळ्या रेघा असतात, त्यांना बारकोड म्हणतात. यंत्राचा उजेड पांढऱ्यावरून परत फिरतो, काळ्यावरून फारसा फिरत नाही. त्यावरून यंत्र नंबर वाचते. मला वाटायचे रेघांत किंमत असते. तसे नाही बरं का! रेघांत फक्त वस्तूचा नंबर. किंमत आणि शिल्लक संगणकात. 'टीं' वाजले की शिल्लकेतून १ वजा.

या रेघा अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलँड यांना समुद्रकाठी सुचल्या. स्काउटमध्ये ते तारेची टिंबे आणि रेघा शिकले होते. १९४९ साली वाळूत बोटांनी ती टिंबे खाली ओढली, झाल्या उभ्या रेघा! पण तेव्हा स्वस्त संगणक कुठे होते? असा पहिला पुडा दुकानात विकला गेला तो २६ जून १९७४ रोजी. तो च्युइंगगमचा होता. तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर बघा, रेघांखाली सुरुवातीला ८९० असेल तर तो नंबर भारतात नोंदलेला आहे.

यंत्राचीही फजिती होते. उंदराने पुडा पळवला तर 'टीं' कोण वाजवणार? म्हणून मोठ्या दुकानांतही अधूनमधून माणसे हाताने माल मोजतात.

आमच्या गुळाला रेघा नाहीत. आता मी आधी वजाबाकी करते, मगच भेली हातात देते. दर शनिवारी बाबा फळी मोजतात. मागच्या शनिवारी वहीत ९ आणि फळीवरही ९.