ड्रमवादकाच्या नाडीवर बोट

चिचेस्टर, इंग्लंड

चिचेस्टर हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं छोटं, शांत शहर. कॅथीड्रलचा उंच मनोरा दुरून दिसतो. मुख्य चार रस्ते मिळतात तिथे १५०१ सालची दगडी मेघडंबरी उभी आहे, आणि तिच्या पायऱ्यांशी म्हातारी माणसं उन्हाला बसतात. इथल्या विद्यापीठातला एक शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं रॉक बँडच्या ड्रमवादकाची नाडी मोजत होता, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं आणि मी चकित झालो.

हा ड्रमवादक म्हणजे क्लेम बर्क. जन्म १९५४, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. १९७५ पासून तो न्यूयॉर्कच्या ‘ब्लाँडी’ बँडमध्ये होता. ‘हार्ट ऑफ ग्लास’ हे त्यांचं गाणं १९७९ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. माणूस अमेरिकन, पण त्याच्या घामाचा अभ्यास झाला तो इंग्लंडात. चिचेस्टरचे मार्कस स्मिथ आणि ग्लॉस्टरशर विद्यापीठाचे स्टीव्ह ड्रेपर यांना बर्कमध्ये खेळाडू दिसला. बर्कही मागे हटला नाही. छातीला पट्टा बांधून तो मैफलीत वाजवायचा. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट, शरीराने घेतलेला ऑक्सिजन हे सगळं मोजू द्यायचा. आठेक वर्षांच्या नोंदी जमल्यावर २००८ साली निष्कर्ष जाहीर झाले. त्याच वर्षी त्याच्याच नावाने ‘क्लेम बर्क ड्रमिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला.

निष्कर्ष असे. वाजवताना बर्कचं हृदय मिनिटाला सरासरी १४० ते १५० ठोके देत होतं आणि भरात आल्यावर १९० पर्यंत जात होतं. तासाभरात ४०० ते ६०० कॅलरी खर्च होत होत्या. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या जवळ जाणारे हे आकडे आहेत. शिवाय फुटबॉलपटू आठवड्यातून एकदोनदा मैदानात उतरतो, तर दौऱ्यावरचा ड्रमवादक रोज नव्या गावात नव्या रंगमंचावर चढतो, हा स्मिथ यांचा मुद्दा मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ड्रमवादक स्टुलावर बसलेला असतो म्हणून आपण फसतो. त्याचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळी कामं करत असतात. त्यातही हातांचं काम हृदयाला पायांच्या कामापेक्षा जड जातं. ऑक्सिजन तेवढाच लागला तरी ठोके जास्त वाढतात. वर दिव्यांचा उकाडा, आणि समोर हजारोंचा जमाव.

अशा विषयाला इथे थारा कसा मिळाला, हे समजायला या देशाची विद्यापीठं कशी घडली ते पाहावं लागतं. ऑक्सफर्ड-केंब्रिज सोडून द्या. चिचेस्टरचं विद्यापीठ १८३९ साली शिक्षक घडवणारं कॉलेज म्हणून सुरू झालं आणि विद्यापीठाचा दर्जा त्याला २००५ मध्ये मिळाला. इथे शारीरिक शिक्षणाचे मास्तर तयार व्हायचे. त्याच परंपरेतून क्रीडाविज्ञानाचा विभाग वाढला. ड्रेपर पुढे हार्टपरीला गेले. ते मूळचं शेतकी कॉलेज, गायी-घोड्यांचं आणि रग्बीचं. घाम, स्नायू आणि दमछाक यांना कमी न लेखणाऱ्या या संस्था आहेत, म्हणून तिथे ड्रमवादकासाठी दार उघडलं असं मला वाटतं. २०११ साली ग्लॉस्टरशर विद्यापीठाने बर्कला मानद डॉक्टरेट दिली.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. ग्लॉस्टरशर विद्यापीठ ज्या चेल्टनममध्ये आहे, तिथे गुस्टाव होल्स्ट हा संगीतकार जन्मला, आणि त्याच्या अस्थी इथल्या चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये आहेत. संस्कृत शिकून ऋग्वेदाच्या सूक्तांना चाली लावणारा आणि महाभारतातल्या सावित्रीवर संगीतिका लिहिणारा तोच हा होल्स्ट. लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता. फुंकून फुप्फुसं सुधारतील म्हणून वडिलांनी त्याच्या हातात ट्रॉम्बोन दिला होता. वाद्याला औषध मानायची ही जुनी समजूत. स्मिथ-ड्रेपर यांनी तशा समजुतीला मोजपट्टी लावली.

खरं मोलाचं काम बर्कच्या नाडीनंतरचं आहे. एका तंदुरुस्त, निष्णात वादकाचे आकडे म्हणजे आरोग्याचा पुरावा नव्हे. म्हणून या मंडळींनी कधीच ड्रम न वाजवलेल्यांना शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे एमआरआय काढले. २०२२ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजसह केलेला त्यांचा अभ्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. १६ ते २० वयाची ३६ स्वमग्न मुलं. त्यातल्या काहींना दोन महिने, आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तासाचे धडे. शिकलेल्यांची अतिचंचलता कमी झाली, लक्ष टिकू लागलं, भावना आवरणं सोपं गेलं. मेंदूत स्वतःला आवर घालणाऱ्या भागांचे आपसातले दुवेही घट्ट झालेले दिसले. मुलं थोडी आहेत, काळ छोटा आहे, आणि एवढ्यावरून ड्रम हा उपचार ठरत नाही. तरी स्वमग्न मुलाचे आईवडील हे वाचून काय अनुभवत असतील, याचा विचार केल्यावर या कामाबद्दल आदरच वाटतो.

क्लेम बर्क ६ एप्रिल २०२५ रोजी कर्करोगाने गेला. सत्तर वर्षांचा होता.

त्याच्याबद्दल वाचताना मला पुण्यातली एक विसर्जन मिरवणूक आठवत राहिली. तीन गणपती मी पथकात ढोल वाजवला आहे. कमरेला ढोल, हातात टिपरू, डोक्यावर ऊन, आणि ताशाने हात बदलला की सगळ्यांचा टोल एकदम पडायला हवा. एका वर्षी शेजारचा मुलगा वाजवता वाजवता चक्कर येऊन खाली बसला. त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, ‘सकाळपासून खाल्लं नसेल’ म्हणालो आणि पुढे निघालो. त्याचं हृदय तेव्हा मिनिटाला किती ठोके देत होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. आम्हीही त्या वेळी खेळाडूंइतकेच राबत होतो, हे मला इथे येऊन कळलं.

म्हणून पथकप्रमुखांना या पत्रातून विनंती करतो. पुढच्या वर्षी सराव सुरू होईल तेव्हा क्रीडावैद्यक शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला मैदानावर बोलवा. चार मुलांच्या आणि चार मुलींच्या छातीला पट्टा बांधू द्या. पाण्याची आणि विश्रांतीची वेळ ठरवा. आणि प्रत्येकाच्या कानात बोळे आहेत ना, ते पहिला टोल पडण्याआधी स्वतः तपासा.