हिंगाच्या डबीतला गहू

नाशिकच्या रविवार कारंजावरच्या कुठल्याही किराणा दुकानात हिंगाची डबी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. डिंक, हिंग आणि... मैदा? काही डब्यांवर तांदळाचं पीठ असतं, पुष्कळ डब्यांवर गव्हाचं. आपल्या फोडणीतला हिंग बहुधा बांधानी हिंग असतो. एका झुडपाच्या मुळातून पाझरणारा हा चीक इतका उग्र, की तो पिठात आणि डिंकात कालवूनच विकावा लागतो.

आता कल्पना करा, घरात कुणाला नुकतंच सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आजाराचं, निदान झालंय. पोळी सुटली, पाव सुटला, बिस्किटं सुटली. सगळे निर्धास्त झाले, की आता आमटी-भातच तर खायचा आहे. आणि त्या आमटीला फोडणी कशाची? हिंगाची, म्हणजे मैद्याचीसुद्धा!

पण एवढ्याशा मैद्याने असं काय बिघडतं?

कणीक ताणली जाते, पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, ही सारी करामत ग्लूटेन या प्रथिनाची. कुठलंही प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी, आणि तिचे बारीक तुकडे करायला पाचकरस तयारच असतात. ग्लूटेनच्या साखळीत मात्र प्रोलीन नावाचा दुवा जागोजागी येतो. ऊस खाताना गाठीवर दात अडतात ना, तसे हे रस तिथे अडतात. ३३ दुव्यांचा एक तुकडा तर जठर, स्वादुपिंड आणि आतडं या तिघांनाही पुरून उरतो. २००२ मध्ये तो शास्त्रज्ञांच्या हाती लागला. आणि हे फक्त रुग्णाच्या पोटात घडत नाही बरं का, तुमच्या-माझ्याही घडतं. गहू शेवटपर्यंत पचवणं कुणालाच जमत नाही!

मग आपण सगळे आजारी का नाही? आतड्याच्या भिंतीत एक एन्झाइम असतं. जखमा बुजवायला मदत करणं हे त्याचं नेहमीचं काम. ते जाता जाता या तुकड्यात छोटासा रासायनिक बदल करतं. काही माणसांच्या पेशींवर डीक्यू२ किंवा डीक्यू८ नावाचे रेणू असतात. बदललेला तुकडा त्यांच्यात चपखल बसतो आणि प्रतिकारशक्तीला वाटतं, शत्रू घुसला. ती तुकड्यावर तुटून पडतेच, वर त्या जखमा बुजवणाऱ्या बिचाऱ्या एन्झाइमविरुद्धही प्रतिपिंडं बनवते. रक्ततपासणीत शोधतात ती हीच. (म्हणून तपासणीआधी मनाने गहू सोडायचा नाही, प्रतिपिंडं ओसरतात आणि निदान हुकतं.) या धुमश्चक्रीत आतड्यातले अन्न शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. कित्येकदा पोट तक्रारच करत नाही आणि गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षयच या आजाराचा पत्ता देतो.

त्याहून चकित करणारी गोष्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. उत्तर भारतात १.२३ टक्के प्रौढांच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडं आढळली, दक्षिणेत ०.१० टक्के. डीक्यू२-डीक्यू८ची जनुकं तर दोन्हीकडे साधारण तीनातल्या एकाकडे होती! फरक होता तो ताटात. उत्तरेत गहू, दक्षिणेत भात. नाशिककराच्या डब्यात पोळीही असते, भातही आणि बाजरीची भाकरीही.

गव्हावर संशय गेला कसा, तीही एक कथाच आहे. १९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरांनी या आजाराने खंगलेल्या मुलांना केळी खाऊ घातली आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्यांनी लाटलं. ताटातून पाव गेला होता, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं! पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धाने हॉलंडमध्ये उपासमार आणली, पाव मिळेनासा झाला. विलेम डिके हे डच बालरोगतज्ज्ञ बघत होते: सगळा देश खंगतोय, पण सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारतायत. पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. त्यांचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात सविस्तर मांडला.

तर, पुन्हा दुकानात. यादीतून काय काय खोडायचं? रवा, मैदा, शेवया, दलिया हे सांगायलाच नको. 'जुनं धान्य आहे, सोसेल' म्हणून खपली गहू पुढे करणारे भेटतील. खपलीतही ग्लूटेन असतंच. निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाच्या वाणांना 'त्र्यंबक', 'तपोवन', 'गोदावरी' अशी नावं दिलीत. नावं कितीही आपली वाटोत, आतड्याला तो गहूच! कुरडई गव्हाच्या चिकाची, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू किंवा जव (त्यातही ग्लूटेन), दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत जवाचं माल्ट, सोया सॉसमध्येही गहू. मिसळीतला पाव बाजूला सारला तरी रश्श्यात हिंग असतो आणि फरसाण कुठल्या तेलात तळलंय, कोण सांगणार?

आणि मग दुकानाच्या एका कोपऱ्यात डोळे विस्फारतात. उपवासाचं फडताळ! साबुदाणा हे कंदाचं पिष्ट, शिंगाडा पाण्यातलं फळ, राजगिरा तर गवताच्या कुळातलाही नाही. भगर गवतच, पण गव्हापासून फार दूरचं. ज्यांनी उपवासाचे नियम केले त्यांना ग्लूटेनचा गंधही नव्हता, तरी गहू वर्ज्यच! आणि पुष्कळ घरांत उपवासाला हिंगही चालत नाही, फोडणी तूप-जिऱ्याची. परदेशी आकर्षक पाकिटं महागड्या दुकानांतून शोधण्याआधी माणसाने इथे उभं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी सुरगाणा-पेठकडची नागली, घोटी-इगतपुरीचा तांदूळ, ज्वारी, बाजरी. फार थोडं सुटलंय, असं वाटायला लागतं.

थांबा, दळण राहिलं. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन. कणकेचा साधारण दहावा हिस्सा ग्लूटेनचा. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक आली, तर १०० मिलिग्रॅम, मर्यादेच्या पाचपट! गल्लीतल्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की जात्याच्या फटींत, कापडी पिशवीत किती कणीक उरत असेल? ग्रॅमभर तर हवेतच उडत असते. तयार पिठाच्या पाकिटावर म्हणूनच 'यात गहू असू शकतो' ही ओळ शोधायची, आणि सुटं पीठ घ्यायचंच नाही.

उपाय एकच, घरघंटी. ज्वारी, नागली, तांदूळ आख्खे आणायचे, निवडायचे (त्यात एखादा गव्हाचा दाणा असू शकतो) आणि घरीच दळायचे. हिंगाचा शुद्ध खडा मिळाला तर तोही तांदळाच्या पिठाबरोबर घरीच कुटायचा. फक्त शेजारच्या काकूंनी 'लाइट गेलीय गिरणीची, दोन किलो गहू दळून देता का' म्हटलं, की त्यांना चहा पाजायचा, पण घरघंटी द्यायची नाही.