पक्षाघातानंतरचे दैनंदिन जीवन आणि व्यवसायोपचार

प्रस्तावना

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे खंडित झाला किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, तर त्या भागाच्या अधीन असलेल्या क्रिया अकस्मात थांबतात. यालाच पक्षाघात म्हणतात. बोलीभाषेत ‘लकवा मारणे’, ‘अंगावरून वारे जाणे’ असे वाक्प्रचार रूढ आहेत. जीव वाचवणे हे वैद्यकाचे पहिले काम होय. मात्र रुग्ण घरी परतल्यावर त्याच्यापुढे निराळेच प्रश्न उभे राहतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, आंघोळीला दुसऱ्याची वाट पाहावी लागते, घास तोंडापर्यंत पोहोचत नाही. या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध विचार करणारी उपचारशाखा म्हणजे व्यवसायोपचार. तिचे स्वरूप, तिच्यामागील तत्त्व आणि मराठी घराच्या संदर्भात तिला येणाऱ्या अडचणी यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘व्यवसायोपचार’ ही संज्ञा काहीशी फसवी आहे. व्यवसाय म्हणजे उपजीविकेचे साधन, असा अर्थ मराठी वाचकाच्या मनात प्रथम येतो आणि हा उपचार रुग्णाला एखादा धंदा शिकवण्यासाठी असावा असा समज होतो. येथे ‘व्यवसाय’ शब्दाचा अर्थ मनुष्याला दिवसभर व्यापून ठेवणाऱ्या सर्व कृती असा घ्यावयाचा आहे. दात घासण्यापासून देवपूजेपर्यंत आणि भाजी निवडण्यापासून वर्गात शिकवण्यापर्यंत सारे त्यात येते. भौतिकोपचाराशी त्याचे क्षेत्र काही ठिकाणी मिळतेजुळते असले, तरी दृष्टिकोनात भेद आहे. भौतिकोपचारात भर प्रामुख्याने स्नायूंचे बल, सांध्यांची हालचाल आणि चालणे यांवर असतो. व्यवसायोपचारात त्या बलाने रुग्ण कोणते काम करू शकतो, याला महत्त्व असते.

या शाखेची संघटित सुरुवात अमेरिकेत १९१७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी भरलेल्या बैठकीतून झाली. बैठकीचे यजमान जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद होते. त्यांच्या शरीराची डावी बाजू स्वतःच्याच आजारपणात लुळी पडली होती आणि बागकाम व सुतारकाम यांच्या आधाराने ते सावरले होते. भारतात या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता. इतका जुना वारसा असूनही सुशिक्षित घरांतदेखील या उपचाराचे नाव अपरिचित असावे, ही खेदाची बाब आहे.

न वापरण्याची सवय

पक्षाघातानंतर हात निकामी राहण्याचे कारण केवळ मेंदूची इजा हे नसते. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा तोडल्या होत्या. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणे सोडून दिले. चांगला हात बांधून ठेवल्यावर मात्र ती तोच ‘निकामी’ हात वापरू लागली. सुरुवातीचे प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने काम भागते आणि हळूहळू न वापरण्याचीच सवय जडते, असे स्पष्टीकरण टॉब यांनी दिले. रँडॉल्फ नूडो यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. मेंदूतील हाताच्या क्षेत्राला लहानशी इजा झालेल्या माकडांना छोट्या खळग्यांतून खाद्याच्या गोळ्या उचलण्याचा सराव दिला असता, त्या क्षेत्राच्या शाबूत भागातील हाताचे स्थान टिकून राहिले. मेंदूची रचना वापरानुसार बदलते, हे तत्त्व आज पुनर्वसनाचा आधार मानले जाते.

याच विचारातून मनुष्यासाठी विकसित झालेल्या पद्धतीची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा तीत समावेश होता. उपचारगटातील रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतांश वेळ, जाड हातमोजा चढवला गेला आणि अधू हाताकडून कामांचा कसून सराव करून घेतला गेला. त्यांच्या हाताच्या वापरात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. मनगट व बोटे थोडी तरी उघडू शकणाऱ्यांनाच ही पद्धत लागू पडते. पूर्ण लुळ्या हाताला ती उपयोगी नाही आणि तोल जाणाऱ्या रुग्णाचा चांगला हात घरच्या घरी बांधून ठेवणे धोक्याचे आहे.

या विवेचनाचा आपल्या घरांशी निकटचा संबंध आहे. आजाऱ्याची सेवा हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. सून चहाचा कप ओठांना लावते, मुलगा सदरा चढवतो, पत्नी केस विंचरते. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु टॉब यांच्या माकडाचा चांगला हात जे काम करत होता, तेच येथे घरातील चार जणांचे हात करतात. रुग्णाचा हात प्रयत्नावाचून पडून राहतो आणि त्याच्यासोबत ‘हे मला जमेल’ ही भावनाही मावळते.

ताट, मोरी आणि सदरा

उपचाराची सुरुवात मूल्यमापनाने होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक त्यासाठी आजही वापरला जातो. जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौच, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून १०० पर्यंत गुण दिले जातात. मापन सोपे असले, तरी जमिनीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, साडी नेसणे यांची स्वतंत्र नोंद त्यात नाही. पूर्ण गुण मिळालेली वृद्धा गावाकडच्या घरात मात्र अडून बसू शकते.

मूल्यमापनानंतर प्रत्येक कामाची फोड केली जाते. सदरा घालण्याचे उदाहरण घेता येईल. अधू हात प्रथम बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा, हा मूळ नियम. शिकवताना अनेकदा शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. साहाय्यकाने सर्व करून अखेरची गुंडी तेवढी रुग्णासाठी ठेवावी, काही दिवसांनी दोन, मग तीन. काम पूर्ण केल्याचे समाधान यामुळे प्रत्येक वेळी रुग्णाच्याच वाट्याला येते. विजारीच्या नाडीऐवजी इलॅस्टिक, समोरून बंद होणारा ब्लाउज, शिवलेली साडी असे बदलही सुचवले जातात. मोरीत पाटाऐवजी न घसरणारे स्टूल, भिंतीला धरण्यासाठी दांडी आणि दोरीने अडकवलेला साबण एवढ्यावर आंघोळ बरीचशी स्वतंत्रपणे होऊ शकते. पाण्याचा कढतपणा मात्र चांगल्या हातानेच पाहावा, कारण अधू हाताला चटका कळेलच असे नाही. रुग्णाला उठवताना अधू हात धरून ओढण्याची चूक सर्रास होते. त्यामुळे आधीच सैल झालेला खांदा निखळू शकतो.

काही अडचणी मात्र हाताच्या नसून जाणिवेच्या असतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यास दृष्टी शाबूत असूनही डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी वाढण्याची रीत आहे. असा रुग्ण भाजी संपवतो, डाव्या बाजूला हात लावत नाही आणि भातही अर्धाच खातो. घरच्यांना वाटते, याची अन्नावरची वासनाच उडाली. ताट फिरवून दिले, की उरलेले अन्न त्याला ‘दिसते’. ताटाच्या डाव्या काठाला रंगीत पट्टी लावून तेथपर्यंत नजर नेण्याचा सराव दिला जातो, मात्र ताटावर साधलेले रस्ता ओलांडताना साधेलच याची खात्री नसते. दुसऱ्या एका विकारात रुग्ण हातातील कंगवा ओळखतो, पण तो दातांना लावतो. या चुका वेडेपणाच्या वा हट्टाच्या नव्हेत, हे कुटुंबीयांना समजावून सांगणे हाही उपचारच ठरतो.

उजवा हात गेलेल्या रुग्णापुढील पेच आपल्याकडे अधिक बिकट आहे. डाव्या हाताने जेवणे निषिद्ध मानणाऱ्या घरात रुग्ण भरवून घेणे पत्करतो, परंतु डावा हात ताटाला लावत नाही. येथे आग्रहापेक्षा तोडजोड उपयोगी पडते. डाव्या हातात चमचा दिला, तर संकोच पुष्कळ कमी होतो. उजव्या हाताची पकड परतू लागली, की मुठीला कापड गुंडाळून जाड केलेला चमचा त्या हातात देता येतो. ताटाखाली ओले फडके ठेवले, तर ते सरकत नाही. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला विळी एका हाताने वापरणे धोक्याचे असते. फळीवर दोन न गंजणारे खिळे वर काढून त्यांत बटाटा रोवला, की सुरीने एका हाताने चिरता येतो. कणीक मळताना अधू हात निदान परात दाबून धरण्यास उपयोगी पडावा. तेवढ्याने तो पुन्हा कामाला लागतो.

परिणामकारकता आणि मर्यादा

दैनंदिन कामांवर केंद्रित व्यवसायोपचारामुळे ती कामे करण्याची क्षमता सुधारते, असा निष्कर्ष उपलब्ध चाचण्यांच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला. मात्र पुराव्याचा दर्जा उच्च नसल्याची नोंदही त्यात आहे. अतिउत्साहही हितावह नसतो. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून हालचाल करवण्याची चाचणी २१०४ रुग्णांवर झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण त्या गटात उलट कमी भरले.

भारतापुरता सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या या चाचणीत कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करण्याची पद्धत तपासली गेली. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास ४७ टक्केच आढळले. कुटुंब निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रशिक्षित तज्ज्ञांचा तुटवडा नातेवाइकांवर जबाबदारी टाकून भरून निघेल, ही धोरणकर्त्यांना सोयीची वाटणारी कल्पना त्यामुळे डळमळीत झाली आहे.

कामावर परतणे

पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना नैराश्य येते. ‘आळस’ किंवा ‘जिद्द नाही’ म्हणून त्याची बोळवण होते आणि उपचार राहून जातो. शिक्षकी पेशातील व्यक्तीला तर बँकेत सहीऐवजी अंगठा उठवण्याची वेळ आली, की आपण कोण होतो हाच प्रश्न पडतो. अशा वेळी डाव्या हाताने सही गिरवण्याचा सराव हा केवळ हस्तकौशल्याचा विषय राहत नाही.

नोकरीवर परतण्याच्या तयारीत लवकर येणारा थकवा, बोलताना शब्द न आठवणे, ओळीचा डावा भाग वाचायचा राहून जाणे यांचा विचार करावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवाकाळात दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला सेवेतून कमी करता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. मूळ पदास तो अयोग्य ठरल्यास त्याच वेतनावर अन्य पदावर, आणि तसे पद नसल्यास अधिसंख्य पदावर त्याला सामावून घ्यावे लागते. अधिनियमातील व्याख्येत शासनाकडून साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात. अनुदानित महाविद्यालयांतही या तरतुदीची माहिती प्राध्यापकांना व कार्यालयांना क्वचितच असते. परिणामी काही जण घाईने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळे होतात. वास्तविक तळमजल्यावरील वर्ग, सलग तासांऐवजी मध्ये विश्रांती, फळ्याऐवजी प्रोजेक्टर आणि आरंभी आठवड्यातून मोजके तास एवढी व्यवस्था केली, तर त्यांपैकी अनेकांना अध्यापन चालू ठेवता येण्याजोगे असते. तो अर्ज स्वीकारण्यापूर्वी प्राचार्यांनी व्यवसायोपचार तज्ज्ञाचा अभिप्राय मागवण्याची प्रथा पाडल्यास तीस खर्च जवळजवळ येणार नाही.