कोंडलेले पाणी आणि नौकेची पाठ

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला नौका म्हटली की खडकपूर्णेच्या किंवा पेनटाकळीच्या जलाशयावर जाळे टाकणारी मासेमाराची होडी आठवावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु लाकूड आणि पाणी यांच्यामधील पुरातन कज्ज्याचा निवाडा वाचावयाचा असेल, तर एखाद्या जुन्या परदेशी स्की-बोटीची कुजलेली पिछाडी उघडून पाहावी, इतकी ती या विषयात बोलकी असते.

पायांना फळ्या बांधून वेगवान नौकेमागे दोराच्या आधाराने पाण्यावरून सरकत जाण्याचा हा खेळ 1922 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या सरोवरावर, राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने प्रथम साधला. फळ्यांची टोके त्याने उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळविली होती. लाकडाचे तंतू एकमेकांशी जखडून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य ओल्या उष्णतेने सैल पडते आणि निवताच नव्या आकारात पुन्हा घट्ट होते, या गुणाचा तो उपयोग होता. पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर, अशा नौका काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांच्या होऊ लागल्या. तथापि ज्यांचे इंजिन पिछाडीच्या उभ्या फळ्यावर, म्हणजे ट्रान्समवर, टांगलेले असते, त्यांच्यात तेवढ्या ताठपणासाठी काचतंतूंच्या दोन कवचांमध्ये प्लायवूडचा गाभा घालण्याची वहिवाट पडली.

या गाभ्याचा घात करणारी गोष्ट दिसावयास अगदी क्षुल्लक असते. इंजिनाच्या बोल्टाभोवतीचे लुकण सुटते, किंवा पाणी सोडण्याच्या भोकाची कड उघडी राहते, आणि थेंबाथेंबाने आत शिरलेले पाणी कवचामुळे बाहेर पडू शकत नाही. लाकूड कुजविणारे पाणी नव्हे, बुरशी होय. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून ओलावा कमी असेतोवर बुरशीचा अंमल चालत नाही. तो 30 टक्क्यांच्या आसपास पोचला, हवा थोडीशी मिळाली आणि ऊब असली, की ती तंतूंमधील सेल्युलोज खाऊ लागते व मागे तपकिरी, चौकोनी भेगांचे, चिमटीत चुरडणारे लिग्निन ठेवते. सर्वांत दगलबाज भाग असा की, लाकडाचे वजन दहा टक्केदेखील घटण्यापूर्वीच त्याच्या बळकटीचा मोठा हिस्सा गेलेला असतो. वरचे कवच मात्र तसेच चकाकत राहते.

म्हणून माझ्या मते दोष ओलाव्याला नव्हे, ओलावा कोंडण्याला द्यावयास हवा. 1628 साली स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले ‘वासा’ हे जहाज 1961 साली वर काढले तेव्हा त्याचे ओक लाकूड बव्हंशी शाबूत होते, कारण तळाशी प्राणवायू तुटपुंजा होता आणि त्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारे किडेही नव्हते. उलट, आपल्याकडील जुन्या वाड्यांतील सागवानी खांब पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढतात, कारण दगडी तळखडा त्यांना जमिनीच्या ओलीपासून तोडून ठेवतो आणि चारी बाजूंनी वारा लागतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली, 1817 साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल येथे दुरुस्त होऊन आजही तरंगते आहे. तिच्या सागाच्या अंतःकाष्ठात बुरशीला न मानवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. हाच साग आपल्या अंबाबरव्याच्या डोंगरांतही वाढतो, पण त्याच्या कडेच्या पांढऱ्या रसकाष्ठाला ती कवचकुंडले लाभलेली नसतात.

दुरुस्तीचा आरंभ कानाने करावा. हातोडीचा हलका ठोका निरोगी फळ्यावर टणक वाजतो, कुजलेल्यावर बद्द. संशय आला तर गिरमिटाने लहानसे भोक पाडावे, आणि भुसा काळसर, ओला व आंबूस वासाचा निघाला म्हणजे निकाल लागला. मग इंजिन उतरवून, बाहेरचे कवच साच्यासारखे जागीच राखून, आतले कवच कापावे आणि पटाशीने गाभा खरवडून काढावा. निरोगी लाकूड लागेपर्यंत थांबू नये, कारण जिवंत बुरशीवर ओतलेली राळ म्हणजे केवळ मुदतवाढ होय. नवा गाभा भारतीय मानक 710 या प्रतीच्या, 72 तास उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा घ्यावा आणि तो घट्ट केलेल्या इपॉक्सी राळेने चिकटवून शिकंज्यांत आवळावा. पॉलिएस्टर स्वस्त असली तरी लाकडाला ती मनापासून धरीत नाही.

या कामास घाटाखालचा वैशाख वर्ज्य मानावा. तापमान दहा अंशांनी चढले की कालवलेल्या इपॉक्सीची मुदत जवळजवळ निम्मी होते आणि भांड्यात साठून राहिलेली राळ स्वतःच्याच उष्णतेने धुरावू लागते. पावसाळ्यात पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्यावाचून पुढचा थर बसत नाही. कार्तिक-मार्गशीर्षातील कोरडी दुपार सर्वोत्तम. अखेरचे कलम भोकांचे: बोल्टाचे प्रत्येक भोक मुद्दाम मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ती कठीण झाल्यावर तिच्यातूनच योग्य मापाचे भोक पुन्हा पाडावे, म्हणजे लुकण पुढेमागे सुटले तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही. नौका ठेवताना नाळ उंच, बूच काढलेले आणि आच्छादनाखाली वारा खेळता असावा.