इतर अधिकार

पहिला मूल्यांकन अहवाल लिहिला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. सांगली जिल्ह्यात तासगाव रस्त्याकडची दीड एकर जमीन. टेप धरून बांधापासून बांधापर्यंत मापं घेतली, शेजारच्या तीन खरेदीखतांचे दर जमवले, विहिरीचं बांधकाम वेगळं धरलं, पाइपलाइनचा घसारा वजा केला. बँकेतल्या वयस्कर अधिकाऱ्यांनी माझी बारा पानं बाजूला सारली आणि सातबारा पुढ्यात ओढला. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बारीक अक्षरात नोंद होती: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र.

“कर्ज थकलं तर ही जमीन आम्हाला सहज विकता येईल का?”

मी गप्प.

“मग हा भाव कशाचा काढलाय तुम्ही?”

सिव्हिलच्या पदवीला ‘अंदाजपत्रक, खर्च आणि मूल्यांकन’ असा एक पेपर असतो. त्यात मूल्यांकन सगळ्यात शेवटच्या घटकात. विटा, सिमेंट, सळई यांचे हिशेब करता करता सत्र संपतं आणि मूल्यांकन परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं जातं. मीही तसंच वाचलं होतं आणि त्या पेपरात मला चांगले गुण होते. पुढे बरीच वर्षं हाच विषय शिकवला, बँकांच्या पॅनेलवर राहून अहवाल लिहिले. आता कुणी पोरगं ‘सर, व्हॅल्युएशनमध्ये करिअर कसं आहे?’ असं विचारायला आलं की मी आधी त्याच्या हातात कुठल्यातरी गावचा सातबारा देतो आणि मोठ्यानं वाचायला सांगतो. बहुतेक जण क्षेत्र वाचतात, भोगवटादाराचं नाव वाचतात आणि कागद परत देतात.

त्या शेऱ्याची गोष्ट पुरती सांगतो, कारण या विद्येचं मर्म तीत आहे. १९४८ च्या कुळकायद्यानं कसणाऱ्याला संरक्षण दिलं आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळं जमिनीची मालक झाली. पण अशी मिळालेली जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून कलम ४३ आलं: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही. परवानगीला वेळ लागे, नजराणा लागे, म्हणून बाजारात अशा जमिनीचा भाव पडलेला असे. माझा पहिला अहवाल त्या काळातला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरायची. पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. आता आकार म्हणजे काय? जमिनीचा सारा, तोही जुना. एखाद्या गटाचा आकार पाच रुपये असेल तर चाळीस पट म्हणजे दोनशे रुपये! जो शेरा आधी जमिनीचा भाव पाडत होता, त्याची किंमत दोन थाळ्यांइतकी झाली. कागदावरची अक्षरं तीच राहिली. कुठल्या साली वाचताय, यावर त्यांचा अर्थ बदलला.

आणि तो पाच रुपयांचा आकार आला कुठून? तिथे तर आपल्याकडच्या मूल्यांकनाचा सगळ्यात जुना, सगळ्यात कष्टाचा अभ्यासक्रम आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली, कारण त्याआधीची प्रिंगल या अधिकाऱ्याची आकारणी शेतकऱ्याला पेलवली नव्हती. मातीचा रंग आणि पोत बघायचा, किती हातांवर मुरूम लागतो ते खणून मोजायचं, त्यावरून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती लावायच्या. मग दोष: खडे, वाळू, उतार, पाणी तुंबणं. प्रत्येक दोषाला जमीन एकेक प्रत खाली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली. पुढच्याच वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि यथावकाश साखळी घेतलेली माणसं इकडच्या शिवारातही फिरली. आजचा विद्यार्थी ज्याला तुलना पद्धतीतल्या ‘वजावटी’ म्हणून पाठ करतो, ते काम त्यांनी उन्हात उभं राहून केलं होतं.

सातारा आणि सांगली हे मुळात एकाच घरचे. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. छत्रपतींची गादी एकीकडे, पटवर्धनांची संस्थानं दुसरीकडे, मध्ये इनामं, वतनं, देवस्थानच्या जमिनी. कोयना धरणानं उठवलेल्या माणसांना बदली जमिनी मिळाल्या, त्यांच्यावर ‘नव्या शर्ती’च्या, म्हणजे हस्तांतराच्या, अटी बसल्या. शहरं वाढली तशी सांगली-मिरजेभोवती दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे स्टॅम्पपेपरवर विकले गेले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा एकीकडे नको म्हणत होता आणि माणसं घरं बांधत होती. शेवटी २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा वेगळा कायदा करावा लागला. कुपवाडच्या एमआयडीसीत प्लॉट ‘विकला’ म्हणतात, पण तिथे जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असते. हातबदल होतो तो उरलेल्या वर्षांचा. मालकी, कूळहक्क, नवी शर्त, भाडेपट्टा, गुंठेवारी असे पाच प्रकारचे हक्क पाच किलोमीटरच्या परिघात बघायला मिळावेत, अशी प्रयोगशाळा कुठल्या विद्यापीठाला पैसे टाकून उभारता येणार नाही. आपल्या पोरांना ती फुकट मिळाली आहे. आणि पोरं पुण्याला जाऊन गुळगुळीत पत्रकातल्या टॉवरचे फोटो बघत बसतात!

शिक्षणाची अधिकृत वाट आता बऱ्यापैकी आखलेली आहे. पूर्वी मूल्यांकक म्हणजे संपत्तीकर कायद्याच्या कलम ३४ एबी खाली नोंदणी झालेला अभियंता किंवा वास्तुविशारद, एवढंच समीकरण होतं. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. त्याच्या पुढेमागे कंपनी कायदा, २०१३ चं कलम २४७ आलं आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांककांचे नियम लागू झाले. जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मत्ता असे तीन वर्ग. पहिल्या वर्गासाठी सिव्हिल, वास्तुकला किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षं. मग मान्यताप्राप्त संघटनेचं सदस्यत्व, ५० तासांचं प्रशिक्षण आणि आयबीबीआय या नादारी व दिवाळखोरी मंडळाची संगणकावरची परीक्षा. परीक्षेत शंभरापैकी साठ लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. ठोकताळ्यावर चालणाऱ्या आमच्या पिढीतल्या भल्याभल्यांना तिनं घाम फोडला.

पदवी घरच्या घरी होते. सांगलीचं वालचंद १९४७ पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. मूल्यांकनाचीच पदव्युत्तर पदवी हवी म्हणणाऱ्यांसाठी वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाचं नाव आमच्या धंद्यात जुनं. स्थावर मालमत्तेच्या व्यवस्थापनाकडे कल असेल तर पुण्याची निकमार ही संस्था. सरकारी नोकरीची ओढ असलेल्यांना नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग आहे, १९१४ पासूनचा. ज्या दरतक्त्यावर आपण मुद्रांक भरतो, तो रेडी रेकनर तयार करण्यात याच खात्याच्या माणसांचा हात असतो. पुस्तकांत रोशन नामावटींचं अजूनही हाताशी ठेवावं लागतं.

वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींबद्दल मला अजिबात तुच्छता नाही. त्या यायलाच हव्यात. समजा, साताऱ्याच्या पेठेत सहा गुंठ्यांत एक जुना वाडा आहे. आठ बिऱ्हाडं, मिळून महिन्याला २,४०० रुपये भाडं. वर्षाचे २८,८०० झाले. घरपट्टी आणि डागडुजीला ९,६०० गेले, उरले १९,२००. आठ टक्के परतावा धरला तर साडेबारा पट: २,४०,००० रुपये. भर पेठेतला सहा गुंठ्यांचा वाडा अडीच लाखांना! विद्यार्थी हसतात. मग त्याच पेठेतल्या मोकळ्या जागेचा दर धरून दुसरं गणित करायला लावतो. उत्तराला दोन शून्यं वाढतात. दोन्ही गणितं बरोबर आहेत. मधलं अंतर भाडेकरूंच्या मुठीत आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्यांना दिलेल्या संरक्षणात. ते आठ जण कशाला राजी होतील, किती जण मुलाकडे पुण्याला राहतात आणि नुसतं कुलूप ठेवून आहेत, कुणाचा अर्ज कोर्टात आहे, हे हुडकणं म्हणजे मालमत्ता व्यवस्थापन. ते या शास्त्राचं दुसरं अंग आणि आपल्याकडे अगदीच दुबळं.

भूसंपादनात तर हे गणित थेट माणसाच्या ताटात उतरतं. १८९४ च्या कायद्यात बाजारभावावर दिलासा रक्कम शेवटी ३० टक्के होती. २०१३ चा कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात ती शंभर टक्के झाली आणि ग्रामीण भागासाठी एक ते दोनपर्यंतचा गुणक आला. बाजारभाव काढायची रीतही लिहून दिली: परिसरातली मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं घ्या, दराच्या उतरत्या क्रमानं लावा, वरच्या निम्म्यांची सरासरी काढा. पण खरेदीखतात लोकांनी मुद्रांक वाचवायला रेडी रेकनरइतकाच आकडा टाकलेला असतो आणि बाकीचे पैसे पिशवीतून गेलेले असतात. महामार्गाची मोजणी आली की तेच गाव ‘आमच्याकडं चौपट भाव हाय’ म्हणून आक्रोश करतं. भाव खरा असतो, पण नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनमध्ये त्याचा पुरावा नसतो.

एक बारीक गोष्ट. इकडे तोंडी व्यवहार गुंठ्यात चालतो आणि सातबारा आरमध्ये बोलतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६. फरक तेरा फुटांचा, कुणी मनावर घेत नाही. वीस गुंठ्यांना तो अडीचशे फुटांवर जातो. गावठाणालगत तेवढ्यात दोन खोल्या बसतात.

सांगलीत मात्र कागदाइतकंच भिंतीकडे बघायला शिकावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. नकाशावर निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन नदीकडच्या एका कॉलनीत गेलो होतो. घर विक्रीला काढलेलं, ताजा रंग, दारात नवी कुंडी.

“पाणी हितं कधी आलंच न्हाई बघा सर. पलीकडच्या गल्लीपत्तुर आलं हुतं,” मालक सांगत होते.

मुलं टेप सोडून मापं घेत होती. एक मुलगी मात्र हॉलमध्ये उभी राहून वर बघत होती. दिव्यांची बटणं तिच्या डोक्याच्याही वर होती. मीटरचा बोर्ड त्याहून वर. जुन्या बटणांच्या जागी चौकोनी गिलावा, रंगाखाली जेमतेम दिसणारा. तिनं काही न बोलता वहीत लिहून घेतलं. मालकांनी ते पाहिलं आणि चहा टाकायला आत सांगितलं. त्यांचा मला राग नाही आला. ज्याची सगळी जन्माची कमाई त्या भिंतींत आहे, तो दुसरं काय सांगणार?

परतताना हरिपूरच्या बाजूला गाडी थांबवली. सांगलीच्या हळदीची पेवं इथलीच. जमिनीत खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. वर माती लिंपली की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, किडायची नाही. हे साधलं ते इथल्या मातीच्या गुणामुळं. विंगेटच्या माणसांच्या प्रतबंदीत असल्या गुणाला रकाना नव्हता. पेव असलेल्या जमिनीला भाडं येई, म्हणून भाव येई. २००५ च्या पुरात पाणी आत शिरलं, कितीतरी पेवांतली हळद गेली, आणि व्यापार शीतगृहांकडे वळला. आता कुणाला तिथे घर बांधायचं तर आधी ती पोकळी भरून काढावी लागणार. म्हणजे जी गोष्ट किमतीत मिळवायची, ती वजा करायची वेळ आली.

मी हे सांगत असताना ती मुलगी पेवाच्या तोंडाशी वाकून आत बघत होती. विटा नाहीत, सिमेंट नाही, छप्पर नाही.

“सर,” ती म्हणाली, “खड्ड्याचा घसारा कसा काढायचा?”

मी सांगितलं, आधी ह्या गटाचा सातबारा काढून आण.